पणजीचं निळं दार

शनिशिंगणापूर,
रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

ताई,

तू माझा नंबर बंद केलास, म्हणून हे पत्र लिहिते आहे. आग्नेलोंना फोन केला होता. मी त्यांना "दाजी" म्हणाले, तर ते हळूच हसले. मग म्हणाले, "ती फोनवर येणार नाही. पण तू लिहून पाठव. आलेलं टपाल ती वाचल्याशिवाय टाकत नाही."

तुला वाटतंय, मी तुझी चेष्टा केली. आईआण्णांना घेऊन तुझ्या पणजीत आले, चर्चच्या पायऱ्यांवर फोटो काढले, मांडवीच्या काठाने फिरवलं, हॉटेलात जेवू घातलं, आणि ज्या एका कामासाठी आले होते तेवढंच राहिलं. सोमवारी संध्याकाळी तुझ्या स्वयंपाकघरात ताटं मांडलेली बघितली, तेव्हाच मला कळलं की आता मी काहीही बोलले तरी ते खोटंच वाटणार.

तरी सांगते.

जानेवारीत तू म्हणालीस, दाजींना पोर्तुगालचा पासपोर्ट मिळाला, एप्रिलच्या सुरुवातीला तुम्ही लिस्बनला जाणार आणि परत कधी यायचं ते ठरलेलं नाही. तेव्हापासून माझं शिकवण्यात लक्ष नव्हतं. सात वर्षं झाली तुला जाऊन. शिर्डीच्या हॉटेलात तू काउंटरवर होतीस, ते तिथेच आचारी होते. तुम्ही लग्न केलंत आणि आण्णांनी सांगितलं, या घरात तिचं नाव काढायचं नाही. मी तेव्हा अकरावीत होते. तुझं शिक्षण बारावीनंतर थांबवलं होतं, माझं मात्र थांबवलं नाही. मी पदवीधर झाले तेव्हा आण्णांनी पेढे वाटले, आणि एक पेढा आईने देवापुढे ठेवून दिला. तो कोणासाठी होता, ते आम्हा तिघांनाही माहीत होतं.

मी वर्गात मुलांना सांगते की माणसं समोरासमोर बसली की अर्धा गुंता सुटतो. मला ते खरंच वाटतं. म्हणून ठरवलं की या दोघांना सहलीचं निमित्त करून पणजीला न्यायचं आणि तुझ्यासमोर बसवायचं. आण्णा शनिवारी गाव सोडत नाहीत, म्हणून रविवार ते मंगळवार. आण्णा लगेच हो म्हणाले, याचं मला नवल वाटलं होतं. एरवी ते नगरलासुद्धा कांदा घेऊनच जातात.

पहिल्या दिवशीची एक गंमत सांगते. लॉजची खोली बघून आई दारातच थांबली. दार सोडलं की आपोआप मिटायचं, आणि ती पुन्हा ते उघडायची. शेवटी तिने तिची पिशवी दारात अडकवून ठेवली. मॅनेजर येऊन सांगून गेला की बाई, दार लावून घ्या, एसी चालू आहे. आई म्हणाली, "आमच्या गावात चोर पाय ठेवत न्हाई."

तो म्हणाला, "तुमचा देव इथे ड्युटीला नाही, मावशी."

आण्णा हसले. आई हसली नाही. आपल्या गावात आता बऱ्याच जणांनी दारं बसवली, पण आपल्या घराला अजून नुसती चौकट आणि पडदा आहे, हे तुला सांगायला नको. तिचा जन्मही याच गावचा. बंद खोलीत तिला कोंडल्यासारखं झालं.

त्या संध्याकाळी फोंतेन्हासच्या जुन्या गल्ल्यांमधून चालताना तुझं घर मी आईला दाखवलं होतं. आण्णा पुढे गेले होते. मी नुसतं म्हणाले, "ते बघ, निळं दार. छपरावर चिनी मातीचा कोंबडा आहे ना, ते." कोणाचं घर, हे सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही. सोमवारी सकाळी नदीकाठी आण्णा चहा घ्यायला गेले, तेव्हा सांगून टाकलं की ते ताईचं घर आहे, दुपारी आपण दोघी जाऊ, ती वाट बघते आहे.

ती म्हणाली, "तुझ्या बापाच्या पाठीमागं मी न्हाई यायची."

मी खूप समजावलं. कदाचित वर्गात समजावते तसं समजावलं असेल. ती नदीकडे बघत राहिली. जेवण झाल्यावर आण्णांनी एकाएकी हट्ट धरला की जुने गोवे बघायचं, आत्ताच, आणि सृष्टी तू चल माझ्याबरोबर. आई म्हणाली, गुडघा दुखतोय, मी पडते. मग मी बसमधून तुला मेसेज केला: आई यायला नाही म्हणाली.

एवढंच घडलं. यात माझं काय चुकलं, ते मी रोज शोधते आहे.

तू त्या संध्याकाळी म्हणालीस, "तुझा मेसेज आला आणि मी आतल्या खोलीत जाऊन पडले, पंखा फुल करून. मला आता कोणाची वाट बघायची नाही." आणि चारही ताटं उचलून ठेवलीस. मी एकटी जेवायला तयार होते, ताई. तू वाढलं नाहीस.

तुझी
सृष्टी


रविवार, ९ मार्च २०२५

ताई,

उत्तर आलं नाही. अपेक्षाही नव्हती, तरी पोस्टमन दिसला की मी वर्गातून बाहेर बघते.

आज तुला आण्णांचं सांगते. निदान ते वाचून तरी तुला थोडं हसू येईल. मंगळवारी निघण्याआधी आम्ही एका जुन्या घरातल्या हॉटेलात जेवलो. भिंतीवर निळ्या फरशा, टेबलावर पांढरं कापड, वेटरच्या हातात हातमोजे. आण्णा कापडाला हात लावेनात, डाग पडेल म्हणून. वेटरने आधी तुमचा तो गोल पाव, पोई, नुसतीच आणून ठेवली आणि गेला. आण्णांनी ती उलटीपालटी करून बघितली, वास घेतला, आणि म्हणाले, "ही आपल्या भाकरीची चुलत बहीण दिसती. थोडी फुगलीय गोव्याला येऊन."

मग त्यांनी चहा मागवला आणि पोई चहात बुडवून खाल्ली. वेटर म्हणाला, काका, ही करीबरोबर खातात. आण्णा म्हणाले, "तुमी खावा करीसंगं. मला अशीच लागती." तिन्ही पोया त्यांनीच संपवल्या. येताना दोन बांधून घेतल्या. बसमध्ये मी विचारलं, कोणासाठी? म्हणाले, असू दे.

आईने त्या जेवणाला हात लावला नाही. पोट बरं नाही म्हणाली.

आदल्या दिवशी जुन्या गोव्याच्या मोठ्या चर्चमध्ये आण्णा आत फार थांबले नाहीत. बाहेर झाडाखाली बसून दाराकडे बघत होते. मी त्यांना माहिती वाचून दाखवत होते, कोणत्या शतकातलं, कोणी बांधलं. ते मध्येच म्हणाले, "एवढं थोरलं दार, आन् उघडंच ठिवत्यात." मग थोड्या वेळाने, "इथं लग्नंबी लागत असतील."

मी म्हणाले, लागतात.

"व्हय," म्हणाले, आणि उठले. मला वाटलं आता काहीतरी विचारतील. त्यांनी शहाळं घेतलं, एक मला, एक स्वतःला, आणि अगदी सावकाश प्यायले. परत जायची त्यांना काही घाई नव्हती. बस येऊन गेली तरी म्हणाले, पुढची घेऊ. मी मनात चडफडत होते की याच वेळात आईला समजावून तुझ्याकडे नेलं असतं.

आता जे लिहिते ते लिहावं की नाही कळत नाही. घरी आल्यापासून मी आईशी नीट बोलत नाही. तुझा विषय काढला की ती विळा घेऊन घासाला जाते. परवा मी रागाच्या भरात तिला म्हणाले, "आई, तू दगड आहेस. पोटची पोर चार पावलांवर होती." ती पीठ मळत होती. मळतच म्हणाली, "असंन."

एवढंच. मला वाटलं होतं, भांडेल तरी.

४ एप्रिलला तुमचं विमान आहे, माझ्या लक्षात आहे. त्याआधी एक फोन करू दे. मी आईला बोलायला लावणार नाही. मलाच तुझा आवाज ऐकायचा आहे.

सृष्टी


रविवार, २० एप्रिल २०२५

ताई,

तू गेलीस. दाजींचा इथला नंबर लागत नाही, म्हणून तुझ्या सासूबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, पाकीट पाठव, मी पुढे धाडते. फोनवर निरोप देऊ का, असंही त्यांनी विचारलं. मी नको म्हणाले. हे दुसऱ्या कोणाच्या तोंडून तुझ्यापर्यंत जायला नको.

हे पत्र सावकाश वाच. शक्य असेल तर बसून वाच.

परवा आईने वाळवणं काढली. बाजरीच्या खारोड्या घालायच्या होत्या, म्हणून मी माळ्यावरचे डबे उतरवून देत होते. मागच्या एका डब्यात एक पुरचुंडी सापडली. माझ्या जुन्या पिवळ्या ओढणीचं फडकं होतं. ते मी ओळखलं. गोव्याला जाताना आईने ते पिशवीत घातलं होतं, आणि मी विचारलं तेव्हा म्हणाली होती, वाटंत खायला. गाठ तशीच होती. आत खारोड्या, निम्म्या फुटलेल्या.

मी म्हणाले, "आई, या गोव्याला जाऊन परत आल्या?"

"मंग काय तिथं टाकून यायच्या?"

"वाटेत खाल्ल्या का नाहीत मग?"

"खायला नव्हत्या नेल्या."

मी स्टुलावरून खाली उतरले. ती परातीतलं पीठ हलवत होती, माझ्याकडे बघत नव्हती.

"तिला लहानपणापास्नं आवडत्यात," ती म्हणाली. "दारातनं माघारी आणल्या."

"कुठल्या दारातून?"

"निळ्या. तूच दावलं न्हाई का, वर कोंबडा हाय म्हणून."

ताई, ती आली होती. सोमवारी दुपारी आम्ही दोघं बसमध्ये बसलो आणि ती पुरचुंडी घेऊन निघाली. एकटी. गुडघा वगैरे काही दुखत नव्हता. ती म्हणाली, "मनात म्हणलं, तुझ्या बापाला कळलं तर कळलं. दोन गल्ल्या चुकले. मंग कोंबडा दिसला."

दार बंद होतं. तिने हाक मारली, "पूजे." मग जरा मोठ्याने, "अगं पूजे, मी आलेय." आतून पंख्याचा आवाज येत होता, म्हणून तिला कळलं की घरात माणूस आहे. ती थांबली. पुन्हा हाक मारली.

मी विचारलं, "बेल का नाही वाजवलीस? निदान दार तरी ठोठावायचं."

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी वंगाळ बोलले होते. "लावलेलं दार ठोकायचं? पोलीस ठोकत्यात दार."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपल्याकडे दुसऱ्याच्या उंबऱ्यापाशी उभं राहून हाक मारतात. आतलं माणूस ओ देतं, नाहीतर घरात नसतं. तिसरं काही तिला माहीतच नाही. तिसगावला मावशीकडे जाते, तिथेही दिवसभर दार उघडंच असतं. दिवसाढवळ्या दार लावून, पंखा चालू ठेवून घरात बसलेलं माणूस आणि तीन हाकांना ओ नाही, याचा अर्थ तिच्या लेखी एकच होता. पणजीत सगळेच लोक दारं लावून राहतात, पर्यटक घरांचे फोटो काढतात म्हणून 'फोटो काढू नका' अशा पाट्या लावतात, हे तिला कोण सांगणार? मी तिला शहराचा सगळा इतिहास सांगितला, आणि हे सांगायचं राहिलं.

पुढचं ऐक. ती तिथेच उभी असताना पर्यटकांचा एक घोळका आला. त्यातली एक मुलगी हिच्याजवळ आली. आई म्हणाली, "लई गोड बोलली. म्हणली, आजी, जरा बाजूला होता का, दाराचा फोटो काढायचाय. मी झाले बाजूला. तिनं काढला. मंग मी तशीच निघाले."

कोणाच्या तरी मोबाईलमध्ये तुझं बंद दार आहे, ताई. कडेला आईच्या लुगड्याचा काठ आला असेल तर असेल.

मी म्हणाले, "मला का नाही सांगितलंस? मी तुला दगड म्हणाले, तेव्हा तरी सांगायचंस."

"काय सांगू? लेकीनं ओ दिली न्हाई म्हणून?" मग म्हणाली, "तिचं बराबर हाय. सात वर्सं मी तिला हाक मारली न्हाई. मंग तिनं का द्यावी."

तेव्हा मी तिला सांगितलं की तू आतल्या खोलीत पडली होतीस. पंखा जोरात होता. तुला वाटत होतं की आई येणार नाही, कारण मीच तसं कळवलं होतं. बहुतेक त्याच वेळी, ती दारात उभी असताना.

मला वाटलं होतं, हे ऐकून तिला बरं वाटेल. ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली, "म्हंजी तिला ऐकूच गेलं न्हाई?" मी दर वेळी नाही म्हणाले. शेवटी तिने ती पुरचुंडी माझ्या हातातून घेतली, सुटलेली गाठ पुन्हा घट्ट बांधली आणि परातीशी जाऊन बसली. त्या दिवशी खारोड्या घातल्या नाहीत. पीठ तसंच आंबलं.

सृष्टी


शनिशिंगणापूर,
रविवार, ११ मे २०२५

ताई,

मागचं पाकीट अजून वाटेत असेल, तोवर हे दुसरं.

आपल्या घरात दार नाही, त्यामुळे कोणाचं बोलणं कोणापासून लपत नाही. त्या दिवशी आण्णा ओट्यावर होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. दोन दिवस गेले. मग संध्याकाळी मला म्हणाले, "तुझी आई त्या दिवशी गेल्ती, मला ठाव हुतं."

मी म्हणाले, "तुम्हाला कसं माहीत?"

"म्हंजी, जाईल असं वाटलं हुतं. म्हणून तर तुला घिऊन गेलो. न्हाईतर मला त्या चर्चात काय बघायचं हुतं?"

तू इथे असतीस तर माझं तोंड बघून हसली असतीस. त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. माझ्या मोबाईलवर तुझं नाव 'ताई' म्हणून येतं. "मला वाचता येतं की," म्हणाले. सहलीला ते त्यासाठीच हो म्हणाले. शहाळं सावकाश प्यायले, बस सोडली, ते त्यासाठीच. मी आईला सोबत नेण्याच्या खटपटीत होते, आणि ते मला तिच्या वाटेतून बाजूला नेत होते. त्यांना वाटलं, मी पुढे पुढे केलं तर ती अवघडेल. एकटी असली तर जाईल. त्यांचं बरोबर होतं. मी तिला इतकी वर्षं ओळखते, पण ते जास्त ओळखतात.

संध्याकाळी लॉजवर आल्यावर आईचा चेहरा बघून त्यांना वाटलं, दोघी भेटल्या, रडल्या, म्हणून ती अशी दिसते. ते समाधानात होते. पोया बांधून घेतल्या, त्या आईसाठी. "म्हणलं, लेकीच्या गावचं हाय, खाईल."

मी म्हणाले, "मग आण्णा, तुम्ही स्वतःच का नाही गेलात?"

"मीच म्हणलेलो ना, तिचं नाव काढू नका. आता मीच कुठल्या तोंडानं काढू?" मग ओट्यावरून उठले आणि गोठ्यात गेले. परत आले ते म्हणाले, "तिच्या मालकाचं नाव काय म्हणलीस?"

मी सांगितलं. त्यांनी दोनदा म्हणून बघितलं. अजून नीट येत नाही, पण म्हणतात.

मला वाटायचं, या घरात मीच एकटी तुझ्यासाठी काही करते आहे. तू विचारलंस तर आता मी एवढंच सांगेन, आम्ही तिघंही त्या दिवशी तुझ्याकडेच निघालो होतो. एकमेकांना सांगितलं असतं तर पोचलो असतो. वर्गात आता ते समोरासमोर बसण्याचं वाक्य मी म्हणत नाही. खोटं वाटतं म्हणून नाही. म्हणताना आवाज बदलतो आणि मुलं बघायला लागतात.

गेल्या रविवारी आईला घेऊन नगरला गेले होते, डोळे दाखवायला. येताना माझ्या शाळेतल्या केळकर बाईंकडे चहाला गेलो. तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, दार बंद. मी हात पुढे केला तर आई म्हणाली, "थांब, मी." तिने बटणावर बोट ठेवलं, आत आवाज झाला तशी दचकून मागे सरली. मग पुन्हा पुढे होऊन दाबलं. पुन्हा दाबलं. बाई धावत आल्या, त्यांना वाटलं काय झालं. आई म्हणाली, "काई न्हाई. दोनदा वाजवलं तर राग येतो का, बघत हुते."

बाई म्हणाल्या, "अहो, कितीही वेळा वाजवा."

परत येताना एसटीत ती खिडकीशी बसली होती. घोडेगाव आलं तशी तिने पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाली, "लिव्हशील ना तिला?"

"काय लिहू?"

"लिव्ह की, मी हाक मारली हुती. तीनदा मारली." मग म्हणाली, "हळू मारली आसंल. लोकं हुती ना."

ते लिहिलं. खारोड्या यंदा जास्तच घातल्या आहेत. सासूबाईंकडून कोणी तिकडे जाणारं असेल तर कळव, पाठवते. पिवळ्या फडक्यातल्या मात्र ती कोणाला देत नाही. त्या ती स्वतः आणणार आहे म्हणते. पासपोर्ट काय असतो, किती लांब, काही माहीत नाही तिला. तिला एकच माहीत करून घ्यायचं आहे, आणि रोज मला विचारते, म्हणून तुला विचारते.

तुझ्या तिकडच्या घराची बेल दाराच्या कोणत्या बाजूला आहे?

तुझी
सृष्टी